दाराबाहेरचे दोन दगड

आमच्या कफरझैतात ख्रिस्ती मंडळी जमते त्या घराला दोन दारं आहेत. पुरुषांचं रस्त्याकडे आणि बायकांचं मागच्या गल्लीत, तेलघाण्याच्या अंगाला. या मागच्या दाराबाहेर डाव्या हाताला दोन बसके दगड आहेत. मंडळीचे नवे अध्यक्ष अंत्युखिया शहराहून आले तेव्हा त्यांनी ते हलवायला सांगितले. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायात येतात म्हणाले. दोन माणसं पहारी घेऊन आलीसुद्धा. पण बायकांनी त्यांची अशी हजेरी घेतली की बिचारे पहारी खांद्यावर टाकून आल्या वाटेने परत गेले. अध्यक्षांनी तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांना कोणीतरी शलमतची हकीकत सांगितली असावी, आणि बहुधा चुकीची सांगितली असावी, कारण हल्ली जो तो तिला संतीण करून टाकतो. ती संतीण नव्हती. जिभेची तिखट, नियमांची कडक आणि आपल्या चांगुलपणाबद्दल जरा जास्तच खात्री असलेली बाई होती.

तिचा बाप घाण्यावर मजुरी करायचा. पंधराव्या वर्षी तिचं लग्न एका पाथरवटाशी झालं आणि एकोणिसाव्या वर्षी खाणीत दरड कोसळून तो गेला. मूलबाळ नव्हतं. ती धाकट्या भावाच्या, तैमाच्या घरी परत आली, आणि बसून खाणं तिच्या स्वभावात नव्हतं म्हणून सुईणीचं काम शिकली. हात मोठे, बोटं लांब, पकड घट्ट. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातांत पहिल्यांदा रडली. एका बाळंतपणात उकळत्या पाण्याचं भांडं कलंडलं आणि तिचं उजवं मनगट भाजलं. तो जैतुनाच्या पानाएवढा डाग शेवटपर्यंत राहिला.

एकदा घाण्याशेजारच्या घरात एक पोर अडली. दोन दिवस आणि एक रात्र शलमत झटली, पण यश आलं नाही. बाळ गेलं, आई जाण्याच्या वाटेवर होती. अशा वेळी सुईणीला कोणी पाणीसुद्धा विचारत नाही. तेवढ्यात आमच्या मंडळीची सेविका नोन्नाबाई आत आली. तिने त्या मरणाऱ्या पोरीचं अंग पुसलं, केस विंचरले, तिचा हात हातात घेऊन शेवटपर्यंत बसून राहिली. मग उठून तिने शलमतचेही हात धुतले, कोपरापर्यंत, एक शब्द न बोलता. शलमत मला नाही, पण माझ्या आईला सांगायची की ख्रिस्ताबद्दल मी पहिल्यांदा काही ऐकलं ते त्या दिवशी, आणि ते कानांनी नाही.

पुढच्या वर्षी तैमा, त्याची बायको अमता आणि शलमत, तिघं एकाच दिवशी बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरली.

आता अमताबद्दल सांगायला हवं. अमता भित्री. पालीला भ्यायची, ढगांच्या गडगडाटाला भ्यायची, लांब दाढीच्या माणसांना भ्यायची. तोंडाची टकळी अखंड चालू. आणि तिची एक खोड अख्ख्या गावाला ठाऊक होती: तिला एकटीने जेवता यायचं नाही. घरात कोणी नसलं तर डाळीची वाटी आणि जवाची भाकरी हातात घेऊन ती शेजारच्या सकूत म्हातारीच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची. शलमत तिला हसायची. "अगं, तुझा घास दुसऱ्या कोणी चावून द्यायचा असतो का?" म्हणायची. अमता म्हणायची, "हसा वन्सं, हसा. समोर माणूस नसलं की माझ्या घशाखाली उतरतच नाही, त्याला मी काय करू?"

मग कैसरचा तो हुकूम आला. प्रत्येक माणसाने, बाया धरून, वेदीपुढे जायचं, देवांना चिमूटभर धूप वाहायचा, आणि वाहिला असा लेखनिकाचा सहीशिक्क्याचा दाखला घ्यायचा. दाखला नसेल त्याची रवानगी खाणीत, नाहीतर त्याहून वाईट ठिकाणी. तैमा त्याआधी दोनच महिने तापाने गेला होता. घरात दोघी बायकाच उरल्या होत्या.

आमच्या गावाने त्या दिवसांत काय केलं हे सांगायला मला आवडत नाही. निम्म्याहून जास्त मंडळी रांगेत उभी राहिली. काही तर पहाटेच जाऊन उभी राहिली, लोकांनी बघू नये म्हणून, आणि तिथे सगळी एकमेकांनाच भेटली. नोन्नाबाई गेली नाही. तिला नेलं. म्हातारी खाणीच्या वाटेवर कुठे गेली, कोणी पुरली, काही कळलं नाही.

शलमत त्या सुमारास डोंगरापलीकडच्या वाडीत एका बाळंतिणीपाशी दोन दिवस अडकली होती. परत आली ती मनाची तयारी करूनच. तीन दिवसांनी उरलेल्यांच्या शोधात लेखनिक दोन शिपाई घेऊन घरोघर फिरू लागला, तेव्हा ती दार उघडून उंबऱ्यातच उभी राहिली. मागे अमता कोपरापर्यंत पिठाचे हात घेऊन उभी होती.

"तैमाचं घर?" लेखनिकाने विचारलं.

"हो."

"तू कोण?"

"शलमत. त्याची थोरली बहीण."

पुढचं वाक्य तिने घोकून ठेवलं होतं: मी ख्रिस्ताची आहे, धूप टाकणार नाही. ते ओठांवर आलंच होतं. लेखनिकाने यादीवर बोट फिरवलं, तिच्याकडे पाहिलं, जांभई दिली आणि शिपायांना म्हणाला, "पुढे चला."

एवढंच. गल्लीच्या टोकाला ते वळले तरी शलमत तशीच उभी होती. मग ती उंबऱ्यावरच खाली बसली. प्रभूने लेखनिकाच्या डोळ्यांवर पडदा ओढला, यादीतलं माझं नाव पुसलं, असं तिला वाटलं. दुसरं काय वाटणार? आपण अशीच माणसं आहोत. आपल्या बाबतीत काही बरं घडलं की ते थेट वरूनच आलं असणार, असं धरून चालतो.

आठवड्याने, चुलीपाशी, अमताने सांगून टाकलं. "वन्सं, मी टाकला धूप. तुम्ही वाडीवर गेला होता तेव्हा."

शलमतने हातातली परात खाली ठेवली. "नोन्नाबाई साखळीत गेली," ती म्हणाली, "आणि तू हात जोडून रांगेत उभी राहिलीस. तैमा असता तर त्याला तोंड दाखवायला जागा राहिली नसती." संध्याकाळच्या आत तिने आपलं अंथरूण आणि सुईणीची पिशवी उचलली आणि मंडळीच्या घरी अंगणातल्या खोलीत राहायला गेली. अमता दारापर्यंत मागे आली. टकळी बंद होती, हे तेव्हा शलमतच्या लक्षातही आलं नाही.

वर्षाने कैसर मेला आणि हुकूम थंड झाला. नोन्नाबाईची जागा रिकामी होती. ती शलमतला मिळाली. नाव पुसलं गेलेली बाई म्हणून तिचा मान मोठा. दरवर्षी आभाराच्या दिवशी तिला साक्ष द्यायला उभं करायचे. पहिल्या वर्षी लेखनिकाने जांभई दिली होती. दुसऱ्या वर्षी त्याचा हात थरथरला. तिसऱ्या वर्षी तो पांढराफटक पडला आणि दोन पावलं मागे सरला. शलमत खोटं बोलत नव्हती. तिला तसंच आठवायला लागलं होतं.

काम मात्र तिने जीव ओतून केलं, हे तिच्या शत्रूंनीही कबूल केलं असतं. परधर्मी घरात आजारी बाई असली, जिथे कोणा पुरुषाला पाऊल टाकता येत नाही, तिथे ती जायची. बाप्तिस्म्याला बाया अंगावरचं सगळं उतरवून, केस मोकळे सोडून पाण्यात जातात. अध्यक्ष पडद्यापलीकडून नाव घेतात, पण तेल लावते ती सेविका. शलमतचे ते मोठे हात डोक्यापासून टाचांपर्यंत फिरायचे तेव्हा थरथरणारी बाईसुद्धा शांत व्हायची. त्या दिवसांसाठी ती वर्षभर जगायची. बाकीच्या वेळी दार सांभाळायची: कोण आलं, कोण नवं, म्हातारीला बसायला जागा मिळाली का. प्रभुभोजन सुरू झालं की आडणा घालायची, मग आतलं संपेपर्यंत दार उघडायचं नाही.

आणि बाहेर डाव्या हाताला, एका दगडापाशी, धूप टाकलेल्या बाया उभ्या असायच्या. आमच्याकडची रीत अशी की त्यांनी आत जाणाऱ्या प्रत्येकीला म्हणायचं, "माझ्यासाठी प्रार्थना कर." पूर्वी आतल्या बाया थांबून त्यांच्याशी दोन शब्द बोलायच्या. शलमतला ते पसंत नव्हतं. "पश्चात्ताप करायला उभ्या आहेत की बाजाराला आल्यात?" तिने नियम घातला: दारात बाहेरच्यांशी बोलायचं नाही. मान खाली घालून आत यायचं.

त्यांना आत घेण्याचीही रीत ठरली होती. बाईने आपला दाखला आणायचा, वाचकाने तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, मग अध्यक्षांनी तो पाण्याच्या परातीत धुवायचा. काजळीची शाई ती. दोनदा चोळली की पाणी काळं होतं आणि कागद कोरा. ते पाणी जैतुनाच्या मुळाशी ओतायचं, बाईच्या डोक्यावर हात ठेवायचा, ती आत आली. एकेक करून सगळ्या आत आल्या. ज्या पहाटेच रांगेत जाऊन उभ्या राहिल्या होत्या त्याही आल्या आणि आता पुढच्या ओळीत बसू लागल्या.

अमता तेवढी बाहेर राहिली. दाखला मागितला की म्हणायची, "तो आणता यायचा नाही." जाळला का? "नाही." हरवला का? "नाही." मग? मग काही नाही. मान खाली. दर रविवारी त्या दगडापाशी उभी राहायची, आणि शलमत दार उघडायला आली की म्हणायची, "वन्सं, माझ्यासाठी प्रार्थना करा." शलमत नियमाप्रमाणे उत्तर द्यायची नाही. तीन वर्षं दिलं नाही.

उलट एकदा ती आपण होऊन अध्यक्षांकडे गेली. आमचे तेव्हाचे अध्यक्ष अब्शलमा पूर्वी विणकर होते, बोलताना हातात सुताचं गुंडाळं असायचंच. शलमत म्हणाली, "बाबा, मी सांगते तुम्हाला. तिच्यापाशी दाखला आहे. जपून ठेवलाय. पुन्हा शिपाई आले तर नाचवायला." अब्शलमांनी अमताला बोलावून विचारलं, हे खरं का? अमताने खोटं सांगितलं नाही. "खरं आहे, बाबा," म्हणाली. दाखला आणशील तेव्हा ये, असं तिला सांगण्यात आलं.

चौथ्या वर्षी, पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या उपासांत, उत्तरेचा वारा सुटला होता. अकरा बाया त्या सणाला पाण्यात उतरणार होत्या, आणि शलमतच्या हाताखाली कीमी नावाची एक तरणी विधवा काम शिकत होती. सणाच्या आधीच्या रविवारी सगळ्या आत गेल्यावर कीमी आडणा घालायला गेली आणि ओरडली, "बाई, अमताकाकू पडल्या!"

अमता दगडाला टेकून वाकडी पडली होती. अंग चटचट भाजत होतं. आजारी बाईपाशी जाणं हे सेविकेचं कामच. त्याला नियम आड येत नव्हता. दोघींनी तिला उचललं. शलमतला वजन लागलंच नाही, आणि तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा काहीतरी हललं. ही इतकी कधी वाळली?

घर तेच होतं. चूल थंड. कोपऱ्यात एकच वाटी. शलमतने कीमीला सकूत म्हातारीकडे विस्तव आणायला पाठवलं. म्हातारी विस्तवाबरोबर आपली जीभही घेऊन आली.

"आलात का सेविकाबाई? बरं झालं. तीन वर्षं ही माझ्या उंबऱ्यावर वाटी घेऊन बसते. माझी भाकरी सकाळीच खाऊन होते, तरी मी तिच्यासमोर नुसती बसते, चावल्यासारखं तोंड हलवत. माझे दात गेलेत, पण तोंड हलतंय अजून."

"मावशी, पाणी तापवायचंय."

"तापवा की. मी कुठे अडवलं?" म्हातारी विस्तव ठेवून गेली. शलमतने कीमीलाही परत दारावर पाठवलं.

पाणी तापलं. शलमतने बाह्या सरसावल्या आणि अमताचे कपडे उतरवायला घेतले. खांद्यापर्यंत सगळं ठीक होतं. कमरेची गाठ सोडायला गेली तशी अमताने डोळे उघडले आणि दोन्ही हातांनी पोट धरलं.

"ते नको, वन्सं."

"हात काढ. घामाने भिजलीयस."

"वरचं पुसा. तेवढं राहू दे."

"अमता, मी तीनशे बाळंतपणं केली आहेत. मला लाजतेस?" शलमतने तिचे हात बाजूला केले. तिच्या पकडीपुढे तापातल्या बाईचं काय चालणार? कमरेच्या दोऱ्याला कातड्याची चपटी पिशवी बांधलेली होती. शलमतने ती ओळखली नाही, पण आत काय असणार हे ओळखलं. एवढा आजार, आणि हिने हे अंगावरून उतरवलेलं नाही! तिने संतापाने दोरा तोडला आणि कागद बाहेर ओढला.

आजारी बायांना स्तोत्रं वाचून दाखवण्यापुरती ती वाचायला शिकली होती, बोट ठेवून, अक्षर अक्षर. तिने बोट ठेवलं.

कफरझैता गावची अमता, तैमाची विधवा, वय अडतीस. त्याच घरची शलमत, तैमाची बहीण, वय सत्तेचाळीस, खूण, उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग. आजारी असल्याने तिच्या वतीने. दोघींचा धूप आमच्यासमोर वाहिला गेला.

बोट थांबलं. बाही वर सरसावलेली होती. बोटामागे मनगट होतं आणि मनगटावर डाग.

"हे काय आहे?"

"तुम्हाला वाचता येतं, वन्सं. मला कुठे येतं?"

"अमता!"

अमता छताकडे बघत राहिली. "त्याने विचारलं, घरात आणखी कोण? यादीत तुमचं नाव होतंच. मी म्हटलं, आजारी आहेत, उठवत नाही. तो म्हणाला, रांग केवढी आहे बघ, तिचाही तूच टाक, खूण सांग. मी सांगितली. आणि टाकला. चिमूटभरच होता, वन्सं. माझ्यापेक्षा तुमचा कमी टाकला."

शलमतला राग आला, हे सांगितलंच पाहिजे. तिला त्या आजारी बाईच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिचं घोकलेलं वाक्य, तिची साक्ष, लेखनिकाच्या डोळ्यांवरचा पडदा, सगळं एका चिमटीत मावलं होतं. "कोणी सांगितलं होतं तुला?" ती किंचाळली. "माझ्या नावाने? मला विचारलंस? मी मेले असते! नोन्नाबाईसारखी ताठ मानेने गेले असते!"

"तेच ना," अमता म्हणाली. "तुम्ही गेलाच असता. तैमा जाऊन दोन महिने झाले होते. रोज दोन वाट्या मांडत होते मी, एक तुमची, एक माझी. मला एकटीला जेवायला जमत नाही, वन्सं. मी देवासाठी नाही केलं, तुमच्यासाठीसुद्धा नाही. माझ्यासाठी केलं. म्हणून बाहेर उभी राहिले. मला बाहेर ठेवलं ते चुकीचं आहे, असं मी कुठे म्हटलं?"

"आणि मी घर सोडून गेले."

"हो. ते एक झालं खरं."

पाणी निवायला लागलं होतं, म्हणून शलमतने फडकं पिळलं आणि पुन्हा पुसायला घेतलं. हात सवयीने चालत राहिले.

"हा कागद का ठेवलास? जाळून टाकायचास. कोणाला कळलं असतं?"

"आणि पुन्हा शिपाई आले असते तर? तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहून तुमचं ते वाक्य म्हणाला असता. मग मी काय दाखवलं असतं त्यांना?"

शलमतने अमताचे पाय हातात घेतले होते, ते तिच्याने पुसवेनात. ती तशीच त्या पायांवर डोकं टेकून रडली, मोठ्याने, बाळंतिणी रडतात तशी. तिला आठवत होतं, आपण अध्यक्षांकडे कसे गेलो, काय म्हणालो, आणि परत येताना पावलं किती हलकी पडत होती.

"रडू नका," अमता म्हणाली. "मी काय म्हणते, तो तुम्हीच धुऊन टाका आता. त्याच पाण्यात. मी राहीन बाहेर, सवय झालीय मला. तुम्ही बाहेर आलात तर त्या अकरा पोरींना तेल कोण लावणार?"

कागद परातीच्या कडेवर होता. दोनदा चोळला की झालं असतं. शलमतने तो घडी करून आपल्या कमरेला बांधला. मग चूल पेटवली, डाळ शिजवली, एकाच वाटीतून दोघी जेवल्या. बाहेरच्यांबरोबर जेवायचं नाही असाही नियम होता.

दुसऱ्या सकाळी ती अब्शलमांपुढे उभी राहिली. त्यांनी कागद वाचला, सुताचं गुंडाळं खाली ठेवलं.

"तुला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "नकळत घडलेल्याचा दोष तुझ्याकडे नाही. अमता पुष्कळ उभी राहिली. सणाच्या दिवशी दाखला वाचू, धुऊ, तिला आत घेऊ. वाचकाला सांगतो, एकच नाव वाच. तू दार सांभाळ. झालं."

"दोन्ही वाचायला सांगा, बाबा."

"कशासाठी? साक्ष दिलीस तीही नकळतच."

"साक्ष नकळत. पण ती दाखला जपून ठेवते हे मी तुम्हाला येऊन सांगितलं, ते नकळत नव्हतं. ते सांगताना मला बरं वाटलं होतं."

"याला आपल्याकडे नियम नाही," अब्शलमा म्हणाले.

"तिच्यासाठी होता ना? तोच मला लावा. तिच्याइतकाच."

"तीन वर्षं? शलमत, पन्नाशी उलटली तुझी. आणि त्या अकरा जणी?"

"कीमी आहे. हात लहान आहेत, पण गरम आहेत. पाच दिवसांत शिकवते." हे म्हणताना मात्र तिचा आवाज फुटला. अब्शलमांनी पुन्हा सूत हातात घेतलं आणि नुसतंच धरून बसले.

तिने पाच दिवस कीमीला शिकवलं. तेल आधी आपल्या तळहातात कोमट करायचं. घाबरलेल्या बाईच्या पाठीपासून सुरुवात करायची, तोंडापासून नाही. सणाच्या पहाटे तिने तेलाची कुपी कीमीच्या हातात दिली, आडणा कुठे अडतो ते पुन्हा एकदा दाखवलं आणि बाहेर येऊन दगडापाशी उभी राहिली. भिंतीतून पाण्याचा आवाज येत होता. ती मोजत होती. अकराव्या वेळी पाणी हललं आणि तिने आपले रिकामे हात पदराखाली घेतले.

मग मंडळी यायला लागली. "माझ्यासाठी प्रार्थना कर," ती पहिल्या बाईला म्हणाली. बाई दचकली, पण मान खाली घालून आत गेली. दुसरीही तशीच. सकूत म्हातारी ख्रिस्ती नव्हती, पण त्या दिवशी काठी टेकत गल्लीपर्यंत आली होती, तमाशा बघायला. तिने नियम ऐकलेलाच नव्हता. "जरा मोठ्याने म्हणा, सेविकाबाई," ती म्हणाली. "अमताचं मला घरापर्यंत ऐकू यायचं."

शेवटी अमता आली, भिंत धरत. शलमतने तिच्याकडे पाहिलं. "अमता," ती म्हणाली, "माझ्यासाठी प्रार्थना कर." अमताचा चेहरा वेडावाकडा झाला. ती काही बोलणार तोच कीमीने तिला हाताला धरून आत नेलं.

आडणा पडला. शलमत दगडावर बसली. आतून वाचकाचा आवाज आला, आधी एक नाव, मग दुसरं, मग डागाची खूण. अख्खं घर कुजबुजलं. मग परातीत पाणी. मग स्तोत्र. मग ती शांतता जी फक्त प्रभुभोजनाच्या आधी असते. ती तिने कधी बाहेरून ऐकली नव्हती.

त्या शांततेत आडणा सरकला.

दारात अमता उभी होती. अध्यक्षांच्या हाताने तिचा पदर डोक्यावर नीट बसलेला होता. ती उंबरा उतरून बाहेर आली.

"अगं, काय झालं?" शलमत उठून उभी राहिली. "भाकर मोडायची वेळ झाली. आत जा."

"मोडू देत," अमता म्हणाली. "मला एकटीला जेवायला जमत नाही. ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"एकटी कुठे? आत शंभर माणसं आहेत!"

"असतील." अमताने इकडे तिकडे पाहिलं. घाण्याच्या भिंतीपाशी एक दगड पडला होता. ती वाकून तो ढकलायला लागली, तापातून उठलेली बाई, पुन्हा पुन्हा थांबत. शलमत बघत राहिली आणि मग धावली. दोघींनी मिळून तो दगड गल्लीतून गडगडत आणला आणि पहिल्याच्या शेजारी बसवला.

बसल्यावर शलमतचं लक्ष दाराकडे गेलं. ते सताड उघडं होतं. उंबऱ्यात कीमी उभी होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिच्या मागे सगळ्या बाया माना वळवून बघत होत्या.

"कीमी," शलमत ओरडली, "दार लाव! काय शिकवलं मी तुला?"

बाहेरच्यांशी दारात बोलायचं नाही, हे तिनेच शिकवलं होतं. कीमी एक शब्द बोलली नाही, आणि तिने दारही लावलं नाही.